पैशाचा निरोप आणि पेढीवाल्यांची जत्रा

परळच्या गिरणीत राबणारा कोकणातला गडी पगारातले थोडे पैसे पोस्टात भरी, आणि काही दिवसांनी रत्नागिरीकडच्या गावात पोस्टमन तेवढेच पैसे त्याच्या आईच्या हातावर मोजून ठेवी. वाचकहो, आईच्या हातात पडलेल्या नोटा त्याच होत्या का, ज्या मुलाने परळला भरल्या? मुळीच नव्हेत. परळच्या नोटा परळलाच राहिल्या. डोंगर-खाडी ओलांडून गावापर्यंत गेला तो फक्त एक कागद : अमक्याने इतके भरले आहेत, तमक्याला इतके द्यावेत. आपल्याकडे पोस्टखात्याची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली ती याच तत्त्वावर. पैसा जागच्या जागी राहतो आणि निरोप प्रवास करतो. निरोपावर समोरच्याचा विश्वास बसला, की तिकडच्या पेटीतून पैसे निघतात.

आपले सराफ-सावकार हे फार पूर्वीपासून ओळखून होते. हुंडी म्हणजे दुसरे काय? शहाजोग हुंडीत तर अशी अट असे, की पैसे घेणारा हा बाजारात पत असलेला ‘शहा’च असला पाहिजे. कागद वाटेत चोराच्या हाती लागला, तरी त्याला पेढीवर कोण उभे करणार! तेव्हा निरोप कोणी धाडला, तो खरा कशावरून, आणि घेणारा कोण, हे तीन प्रश्न जुनेच आहेत. सारे जग पैशाचे निरोप धाडू लागले तेव्हा हे प्रश्न सोडवायला पेढीवाल्यांना दरवर्षी एकत्र बसावे लागले. त्या बैठकीची, खरे म्हणजे जत्रेची, हकीकत आज सांगायची आहे. तिचे नाव सिबॉस.

सुरुवात जरा मागून करू या. १९६०-७०च्या सुमारास देशोदेशींच्या बँका एकमेकींना टेलेक्सवर निरोप धाडीत. टेलेक्स म्हणजे तारेच्या दोन्ही टोकांना टंकलेखनाचे यंत्र. इकडे टंकावे, तिकडे उमटावे. सोय मोठी, पण निरोप साध्या वाक्यांत लिहावा लागे आणि प्रत्येक बँकेची वाक्ये लिहिण्याची तऱ्हा निराळी. कोणी रक्कम आधी लिही, कोणी नाव आधी. पलीकडच्या कारकुनाने ते वाचावे, अर्थ लावावा, मग आपल्या वहीत उतरवावे. त्यात निरोप खरा की खोटा हे ठरवायला एक गुप्त अंक असे. रक्कम, तारीख, चलन यांसाठी गुप्त पुस्तकात आकडे नेमून दिलेले असत; त्यांची बेरीज करून ती निरोपासोबत द्यायची. घेणाऱ्याने आपल्या पुस्तकावरून पुन्हा बेरीज करायची. जुळली तर पैसे, नाही जुळली तर खोळंबा. व्यापार वाढला तसा कारकुनांचा जीव मेटाकुटीला आला.

यावर उपाय म्हणून न्यूयॉर्कच्या फर्स्ट नॅशनल सिटी बँकेने आपल्यापुरती एक पद्धत काढली. निरोप यंत्रालाच वाचता यावा असा ठरावीक साचा, नाव ‘मार्टी’. बँक बलाढ्य. तिचा आग्रह असा, की माझ्याशी व्यवहार करायचा तर माझ्याच साच्यात लिहा. इतर बँकांच्या पोटात गोळा आला. आज साचा तिचा, उद्या तारही तिची, परवा दर तीच ठरवणार! या धास्तीने एरवी एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून असणाऱ्या बँका एका टेबलाशी आल्या. मे १९७३ मध्ये १५ देशांतल्या २३९ बँकांनी बेल्जियममध्ये ब्रुसेल्सला एक संस्था स्थापन केली. तिचे लांबलचक इंग्रजी नाव आद्याक्षरांनी ‘स्विफ्ट’ झाले.

आपल्या मुलखातल्या वाचकांना यातली एक गोष्ट चटकन पटेल. स्विफ्ट ही सहकारी संस्था आहे. साखर कारखान्यात ऊस घालणारा सभासद तोच मालक, तशी इथे निरोप धाडणारी बँक तीच मालक, आणि वापराच्या प्रमाणात भागभांडवल. दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर अडून राहायचे नाही, ही बुद्धी प्रवरेकाठी काय आणि ब्रुसेल्सला काय, सारखीच. मे १९७७ मध्ये बेल्जियमचे राजपुत्र आल्बेर यांच्या हस्ते पहिला निरोप गेला आणि काम सुरू झाले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्विफ्ट ही बँक नव्हे. तिच्याकडे कोणाचे पैसे नसतात. ती निरोप्या आहे, आणि निरोप कोणत्या साच्यात लिहायचा याचे व्याकरण तिच्या घरी ठरते.

पण व्याकरण ठरले म्हणून सगळे शुद्ध बोलू लागतात असे थोडेच आहे! गुरुजींना हे सांगायला नको. एका बँकेने एका रकान्यात एक लिहावे, दुसरीने त्याच रकान्यात भलतेच भरावे. तेव्हा वापरणाऱ्यांनीच एकत्र येऊन अडचणी मांडाव्यात म्हणून १९७८ साली ब्रुसेल्सला पहिली सिबॉस भरली. सुमारे ३०० माणसे आली. नावातच ‘बँकिंग ऑपरेशन्स सेमिनार’ असे शब्द होते. म्हणजे बँकेच्या रोजच्या कामकाजाची चर्चासभा. हा विषय बड्या संचालकांच्या मेजवानीचा नव्हता, निरोप टंकणाऱ्या आणि हिशेब जुळवणाऱ्या खात्यांचा होता. माझ्या मते या जत्रेचे सगळे मोल त्या आरंभात आहे. पुढे तिला कितीही झालर लागली, तरी तिचा पाया हिशेबनिसांच्या तक्रारींवर उभा आहे.

झालर मात्र खूप लागली. चर्चासभेशेजारी प्रदर्शन आले, यंत्रे विकणारे आले, मग सल्लागार आले. जत्रा फिरती झाली : २०१२ साली ओसाका, २०१३ ला दुबई, मग बोस्टन, सिंगापूर, जिनिव्हा, टोरांटो, सिडनी, लंडन. करोनाच्या दोन वर्षांत ती पडद्यावरच भरली आणि २०२२ साली अॅमस्टरडॅमला पुन्हा माणसांनी भरली. ३०० माणसांची सभा दहा हजारांच्या घरात गेली. इकडे स्विफ्टच्या जाळ्यात २०० हून अधिक देश-प्रदेशांतल्या ११ हजारांवर संस्था आल्या आणि रोजचे निरोप चार कोटींच्या पुढे गेले. आपल्या देशातल्या बँका १९९०च्या दशकात या जाळ्यात शिरल्या.

आता तुम्ही म्हणाल, चार दिवस एवढी माणसे जमून करतात तरी काय? मोठ्या मंडपात भाषणे होतात. दर दोन-तीन वर्षांनी एक नवा मंत्र येतो, तो सगळ्यांच्या तोंडी बसतो आणि पुष्कळदा विरूनही जातो. सगळाच विरतो असे मात्र नाही. ब्लॉकचेनचे, म्हणजे अनेकांनी मिळून ठेवायच्या सामायिक खतावणीचे, नाव बरीच वर्षे गाजत होते. २०२५ साली फ्रांकफुर्टच्या सिबॉसमध्ये खुद्द स्विफ्टनेच ३० हून अधिक बँकांना बरोबर घेऊन तशी खतावणी बांधण्याचे जाहीर केले. असो. जत्रेत देवळाच्या कळसाकडे पाहणारे बरेच असतात, पण बैलांचा सौदा होतो तो कडेच्या झाडाखाली, रुमालाआड. सिबॉसचेही तसेच आहे. खरे काम बाजूच्या लहान खोल्यांत चालते.

त्या खोल्यांत कोण बसते? कोणत्याही बँकेला जगातल्या प्रत्येक देशात शाखा काढता येत नाही. म्हणून ती परदेशातल्या एखाद्या बँकेत खाते ठेवते आणि तिकडचे देणे-घेणे तिच्यामार्फत करते. पूर्वीच्या पेढीचा परगावी आडत्या असे, तसाच हा प्रकार. अशा आडत्या बँका वर्षातून एकदा समोरासमोर बसतात. तुमच्या खात्यावर किती उचल देऊ, दर काय लावू, मागच्या महिन्यातले निरोप का अडकले, अमुक देशातल्या तुमच्या गिऱ्हाइकांची खात्री कशी पटवता, अशी बोलणी अर्ध्या-अर्ध्या तासाने एकामागून एक चालतात. निरोप यंत्रावरून जातो, पण ज्याला निरोप धाडायचा त्याचा चेहरा पाहिल्याशिवाय सावकाराचे मन मानत नाही. शहाजोग हुंडीची अट अशी नव्या रूपात टिकून राहिली आहे.

चेहरा पाहण्याचे मोल काय, ते २००८ साली कळले. त्या वर्षीची सिबॉस व्हिएन्नाला सोमवारी, १५ सप्टेंबरला सुरू झाली. त्याच दिवशी न्यूयॉर्कला लेहमन ब्रदर्स या बड्या पेढीने दिवाळे वाजल्याचा अर्ज न्यायालयात दिला. लेहमनची देणीघेणी जगभरच्या बँकांत अडकलेली. आणि जगभरच्या बँकांची निरोप-खाती सांभाळणारी माणसे नेमकी त्या दिवशी एका गावात, एका छपराखाली! कोणाचे किती अडकले, कोणाच्या निरोपावर पैसे सोडायचे आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न त्या आठवड्यात जगातल्या प्रत्येक पेढीपुढे होता. तारा शाबूत होत्या, यंत्रे चालू होती, साचे बिनचूक होते. तुटला होता तो भरवसा, आणि त्याला यंत्रात सुटा भाग मिळत नाही.

यानंतरची हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण तिचे एक टोक आपल्या मुंबईत आहे.

४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र. बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेचे डॉलरचे खाते न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत होते. त्या रात्री ढाक्याहून न्यूयॉर्कला निरोप सुटू लागले : अमक्याला इतके डॉलर द्या. एकूण ३५ निरोप आणि मागणी जवळजवळ ९५ कोटी डॉलरची. निरोपांचा साचा शुद्ध होता, सही-शिक्का खरा होता. फक्त धाडणारे चोर होते. ते बँकेच्या संगणकांत आधीच शिरून बसले होते आणि अधिकाऱ्यांच्या परवलीचे शब्द त्यांच्या हाती लागले होते. शुक्रवारी ढाक्याला साप्ताहिक सुट्टी. शनिवार-रविवार न्यूयॉर्क बंद. सोमवारी चिनी नववर्षामुळे मनिला बंद. चोरांनी पंचांग पाहूनच मुहूर्त काढला होता. निरोपांच्या प्रती छापणारे यंत्रही नेमके तेव्हाच गप्प झाले.

पाच निरोपांवर मिळून १० कोटी १० लाख डॉलर सुटले. त्यांतले दोन कोटी श्रीलंकेकडे निघाले होते. तिथल्या संस्थेच्या नावात ‘फाउंडेशन’ हा शब्द चोरांनी चुकीचा, ‘फँडेशन’ असा लिहिला होता. वाटेतल्या बँकेला शंका आली आणि ते पैसे परत फिरले. शुद्धलेखनाचे महत्त्व सांगताना गुरुजींनी हा दाखला बेलाशक द्यावा! बाकीचे आठ कोटी दहा लाख मनिलातल्या एका बँकेच्या शाखेत पोचले आणि त्यांतला मोठा भाग जुगारखान्यांतून पसार झाला.

जगभर ओरड झाली. स्विफ्टचे म्हणणे असे, की आमचे जाळे फुटलेले नाही. ते खरेही होते. फुटले होते ते सभासदाच्या घराचे दार. पण सहकारी संस्थेला एवढ्यावर सुटता येत नाही. एका सभासदाने पाटाची मोरी उघडी टाकली तर खालच्या सगळ्यांच्या शेतांचे नुकसान होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिनिव्हाला सिबॉस भरली आणि तिथे २७ तारखेला जाहीर झाले, की आजवर ज्याने-त्याने आपापल्या घरी पाळायची सुरक्षितता यापुढे सर्वांवर बंधनकारक राहील. निरोपाचे संगणक बाकीच्या जाळ्यापासून वेगळे ठेवायचे, एका शब्दावर दार उघडू द्यायचे नाही, आणि आपण नियम पाळतो की नाही हे दरवर्षी लिहून द्यायचे. पुढे १६ नियम सक्तीचे आणि ११ शिफारशीचे असा तक्ता आला. एकेका बँकेला स्वतंत्रपणे कदाचित जे मान्य झाले नसते, ते सगळ्यांच्या देखत, एकाच वेळी, मान्य करावे लागले. अशा जत्रेचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर मी जिनिव्हाकडे बोट दाखवीन.

आणि मग मुंबई. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने शेअरबाजारांना कळवले, की फोर्टमधल्या तिच्या ब्रॅडी हाउस शाखेतून सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा घोटाळा झाला आहे. त्या शाखेतून परदेशांतल्या बँक-शाखांना हमीचे निरोप गेले होते : या व्यापाऱ्याला कर्ज द्या, परतफेडीला आम्ही बांधील आहोत. निरोप स्विफ्टवरून गेले, पण बँकेच्या मुख्य हिशेबात त्यांची नोंदच नव्हती. निरोपाचे यंत्र एकीकडे, हिशेबाचे यंत्र दुसरीकडे, आणि दोहोंमध्ये जोड नाही. गावच्या सोसायटीत पावतीपुस्तक आणि रोजकीर्द यांचा मेळ संध्याकाळी घालतात. तो मेळ इथे वर्षानुवर्षे कोणी घातला नव्हता. इथे बाहेरचा चोर लागलाच नाही.

रिझर्व्ह बँकेने त्यानंतर सांगितले, की ऑगस्ट २०१६ पासून आपण बँकांना याबाबत किमान तीन वेळा सावध केले होते. म्हणजे ढाका घडले होते, जिनिव्हा झाले होते, मुंबईतूनच इशारे गेले होते. मग रिझर्व्ह बँकेने ३० एप्रिल २०१८ पर्यंत दोन्ही यंत्रे जोडण्याची मुदत घातली, आणि मार्च २०१९ मध्ये नियम न पाळल्याबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड केला. मंडपात ठराव होतो. तो पाळला जातो शाखेतल्या एका टेबलावर. तिथला मनुष्य सिबॉसला कधीच गेलेला नसतो.

मंडपात कोणाला जागा नसते, हेही पाहायला हवे. पहिली गोष्ट राजकारणाची. मार्च २०१२ मध्ये इराणच्या आणि मार्च २०२२ मध्ये रशियाच्या सात बँकांना या जाळ्यातून तोडण्यात आले. संस्था सहकारी खरी, पण युरोपातल्या कायद्याखाली बसलेली. सरकारे ठरवतात तेव्हा तिला दोर कापावा लागतो.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. परदेशी गेलेल्या भारतीयांनी २०२४ साली सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी धाडले. जगात इतर कोणत्याही देशात एवढे आले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत त्यांतला सर्वांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राचा निघाला, केरळाचा १९.७. परळची मनीऑर्डर गेली, पण रत्नागिरीचा मुलगा दुबईहून पैसे धाडतोच आहे. लहान रक्कम परदेशातून धाडण्याचा खर्च जगाच्या सरासरीने शेकडा सहाच्या वर पडतो. या मुलाला सिबॉसच्या मंडपात खुर्ची नाही. त्याच्या वतीने बोलेल तर त्याची बँक, आणि बँकेला दलाली गोड लागते.

याच कोंडीतून नव्या जत्रा निघाल्या असे मला वाटते. २०१२ पासून लास व्हेगासला, २०१६ पासून सिंगापूरला अशा परिषदा भरू लागल्या. तिथे बँकांबरोबर मोबाइलवाले, नवे उद्योजक आणि सरकारी खातीही बसतात. आपल्याकडे मुंबईत २०२० साली ग्लोबल फिनटेक फेस्ट सुरू झाला, तोही पहिल्या वर्षी करोनामुळे पडद्यावरच. या मंडपात किराणा दुकानातल्या पैशाची गोष्ट निघते. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईतच २१ बँकांना घेऊन यूपीआयची चाचणी सुरू झाली होती. त्या यूपीआयच्या पुढच्या पायऱ्या या जत्रेत जाहीर होऊ लागल्या : २०२२ साली लहान रकमा गुप्त अंकाशिवाय देण्याची ‘लाइट’ सोय, २०२३ साली बोलून पैसे देण्याची सोय. बोलण्याची भाषा मात्र आधी हिंदी आणि इंग्रजी. मराठी आणि इतर भाषांनी रांगेत थांबायचे. साध्या बटणाच्या फोनवरून पैसे देण्याची सोय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये कोणत्याही जत्रेची वाट न पाहता केली, आणि माझ्या लेखी खेड्याच्या दृष्टीने ती या साऱ्यांहून मोठी. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय सिंगापूरच्या तशाच यंत्रणेला जोडली गेली. तिथून येणाऱ्या लहान रकमांना आडत्या बँकांच्या साखळीवाचून वाट मिळाली.

सिबॉसच्या लोकांनाही हे दिसत होते. अनेक वर्षे त्या जत्रेत एक रूक्ष विषय घोळत होता : निरोपाचा साचाच बदलण्याचा. जुन्या साच्यात पैसे धाडणाऱ्याचे नाव-पत्ता मिळून ३५ अक्षरांच्या चार ओळी, संपले. ‘मुक्काम, पोस्ट, वाडी, तालुका, जिल्हा’ असा आपला पत्ता त्यात मावणार कसा? तो कुठेतरी तुटे, नाव आणि गाव एकाच ओळीत मिसळे. मग संशयितांच्या यादीतल्या कुणाच्या तरी नावाशी ते अर्धवट जुळले, की निरोप अडकून पडे आणि घरी हप्ता चुके. नव्या साच्यात नाव, रस्ता, गाव, पिनकोड, देश यांना वेगवेगळे रकाने आहेत. मार्च २०२३ ते नोव्हेंबर २०२५ या काळात दोन्ही साचे शेजारीशेजारी चालवून, बँकांमधल्या पैसे देण्याच्या निरोपांसाठी जुना बाजूला काढण्यात आला. सगळा पत्ता एकाच ढिगात कोंबण्याची मुभा नोव्हेंबर २०२६ पर्यंतच ठरली. त्यापुढे निदान गाव आणि देश आपापल्या रकान्यात हवेतच.

तेव्हा ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी एवढे करावे. बँकेच्या पुस्तकावर आपले नाव ज्या इंग्रजी अक्षरांत आहे, तेच अक्षर-अक्षर मुलाला कळवावे. गावाचे नाव तालुक्यात मिसळू देऊ नये. आणि पुस्तकावरच ते चुकलेले असेल, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी शाखेत जाऊन आधी ते दुरुस्त करून घ्यावे.